पालथी टोपली

राहू द्या हो बाई, पाहुणीनं कुठं घर झाडायचं असतं का? ऐकतच नसाल तर झाडा. उद्यापासून आपल्याला एकाच शाळेत खडू झिजवायचेत, तेव्हा माझ्या घरातला पसारा आज काय नि उद्या काय, कळणारच. फक्त त्या कोपऱ्यातली पालथी टोपली तेवढी सोडा. तिच्या कडेकडेनं फडा फिरवा, पण उचलू नका.

का म्हणता? कंदील इकडे ओढा, सांगते. हळूच बोलू. आतल्या खोलीत माणसं झोपलीत.

त्र्याऐंशीच्या थंडीत आम्ही इथं अहेरीला आलो. लोक इथली बदली रद्द व्हावी म्हणून साहेबांच्या पाया पडतात, आणि मी मागून घेतली. कारण माझा नवरा. त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती. त्यांना खाऊ वाटता वाटता हे ओट्यावरच कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यात एकदा तर नाडीच लागेना. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली होती. मग थोड्या वेळानं नाडी आपोआप परत आली. बोलणं मात्र आलं नाही.

आणि हा माणूस किती बोलका म्हणून सांगू! सागाच्या डेपोवर कामाला होते. संध्याकाळी फाटकातूनच ओरडायचे, "अवो मास्तरीण, च्या मांडला का?" गल्लीभर ऐकू जायचं. मला लाज वाटायची, मी चिडायची. त्या एका हाकेसाठी आता मी कान देऊन बसायची. डॉक्टर म्हणाले, येईल बोलणं, कधी कधी अचानक येतं. अहेरीला लकव्याच्या माणसांना चालतं-बोलतं करणारे एक डॉक्टर आहेत असं कोणीतरी सांगितलं, आणि मी बोचकी बांधली.

शाळा, स्वयंपाक, त्यांचं अंग पुसणं, भांडं धरणं, चादरी धुणं. थकले होते बाई. रडायलासुद्धा जोर लागतो, तोही उरला नव्हता. मला एकच हवं होतं. झोपायच्या खोलीला लागून न्हाणी-संडास असलेलं घर. रोज त्यांना पाठीवर घेऊन परसात जाणं माझ्यानं होत नव्हतं. तशी खोली अख्ख्या गावात एकच निघाली, ही आतली, घरमालकीण गिरजाबाईची. तिचा नवरा जंगलखात्यात होता, सोमाजी नावाचा. शेवटच्या आजारात त्यानं खोलीमागं न्हाणी बांधून घेतली होती. तो गेला, तेव्हापासून खोली बंदच.

गिरजाबाईनं किल्ली दिली ती हात लांब करून.

"खोली घ्या बाई, पन साफ तुमालेच करा लागन. मले तिथी पाय टाकनं होत नाई. न कोपऱ्यात टोपली हाये पालथी, तिले हात लावाच्या आंधी मले आवाज द्या बरं."

मी हो म्हटलं. थकलेला माणूस कशालाही हो म्हणतो.

ह्यांना या पुढच्या खोलीत खाटेवर टेकवून बसवलं आणि आतलं दार उघडलं. वास असा आला की मी पदर नाकाला लावून परत बाहेर आले. कुबट, ओल्या गोधडीचा वास, त्यात निलगिरीचं तेल आणि वटवाघळांची घाण. छपराच्या कवेलूतून कुठंतरी पाणी झिरपून भिंतीवर हिरवट ओल चढलेली. पलंगावरच्या गादीत माणसाच्या अंगाएवढा खळगा. मी गादी ओढत परसात नेली, तर खालच्या लाकडालाही तसाच ओला डाग. खराट्यानं जाळी काढली, वाळवीची माती खरवडली. कोनाड्यात तंबाखूची पितळी डबी होती, ती केरात टाकली.

न्हाणी तर विचारू नका. सिमेंटच्या टाक्यात काळं पाणी, त्यावर मेलेली झुरळं. फरशीवर शेवाळाचा थर. मी ॲसिड ओतलं, सोडा टाकला आणि काथ्यानं घासायला बसले. घासते तिथं फरशी उजळायची, मी पुढं सरकायची. थोड्या वेळानं मागं वळून पाहावं तर निलगिरीचा वास पुन्हा तिथंच, जणू कोणी आताच अंगाला तेल चोळून उठून गेलंय. मी स्वतःला म्हटलं, पोटात अन्न नाही, डोकं चढलंय.

विहिरीवर पाणी काढताना गिरजाबाई भेटली. बादली धरून दिली आणि आपणहून बोलायला लागली.

"तान्या पोयाच्या दिवशीच गेले न ते. लय हाल करून गेले. मले कदी नावानं नाई बोलवलं जलमात. माहेर चिमूरचं, त चिमूरवालीच म्हणत. आता कोनी नाई म्हनत."

तान्हा पोळा. माझ्या मनात तो दिवस खटकला, पण दोन्ही हातांत बादल्या होत्या. पोळ्याला काय एकच माणूस आजारी पडतो का?

दुपार कलली तेव्हा सगळं संपत आलं होतं. राहिला होता न्हाणीच्या दाराजवळचा कोपरा. तिथं ती टोपली. शेजारी वात जळून गेलेली पणती. तिथून पुढच्या खोलीतले हे दिसत होते. मघापासून मान टाकून बसलेले हे, डावा हात खाटेच्या माच्यावर आपटत होते. टक... टक... टक. नजर माझ्यावर नव्हती, टोपलीवर होती.

"पाणी देऊ का हो?" मी विचारलं.

टक... टक.

गिरजाबाईला हाक मारली. पुन्हा मारली. ती बहुधा जळण आणायला मागच्या बांबूत गेली असावी. दिवस बुडायच्या आत फरशी वाळायला हवी होती, ओल्या फरशीवर ह्यांना कसं नेणार? मी टोपली उचलली.

खाली चाळलेली राख होती. रांगोळीसारखी सारखी पसरलेली. तुम्हाला ठाऊक असेल हा प्रकार. माणूस गेला की राख नाहीतर पीठ पसरून दिवा लावतात, वर टोपली झाकतात, आणि सकाळी पाहतात कशाचं पाऊल उमटलं. पाखराचं उमटलं तर पाखराच्या जन्माला गेला, मुंगीचं तर मुंगीच्या. आमच्यात छप्पनपासून हे सगळं सुटलं. दीक्षाभूमीवर मी वडिलांच्या खांद्यावर बसून गेले होते. या असल्या गोष्टींना मी वर्गात पोरांसमोर हसते.

राखेत माणसाचं पाऊल होतं.

एकच, डावं. पाचही बोटं स्पष्ट. करंगळी वाकडी होऊन शेजारच्या बोटावर चढलेली. मी पाहिलं, तेवढ्यात पाठीमागचं टकटक थांबलं. काय विचार केला म्हणाल तर काहीच नाही. गिरजाबाईचाच पाय पडला असेल, असं काहीसं मनात आलं. ओलं फडकं टाकलं आणि पुसून घेतलं. तीन वेळा पाणी मारलं. टोपली परसात भिंतीला टेकवून ठेवली.

दिवेलागणीला ह्यांना आत नेलं. काखेत खांदा दिला, उजवा पाय फरफटत. न्हाणीत अजून कंदील नेला नव्हता, अंधारच होता. दाराशी पोचलो तसा ह्यांनी डावा हात वर केला आणि दाराआडच्या भिंतीला असलेली लोखंडी कांब बरोब्बर पकडली. मी दिवसभर ती न्हाणी घासत होते, ती कांब माझ्या ध्यानातही आली नव्हती. मग तोच हात बाहेरच्या कोनाड्यात गेला आणि काहीतरी चाचपत राहिला. तिथलीच तंबाखूची डबी मी केरात टाकली होती.

पाटावर बसवलं, ऊन पाणी घेतलं, पाय धुवायला खाली बसले. आधी उजवा. मग डावा हातात घेतला.

तरुणपणी डेपोवर सागाचा ओंडका घसरून ह्यांच्या पायावर आला होता. करंगळी मोडली ती शेजारच्या बोटावर चढूनच जुळली. सोळा-सतरा वर्षं मी तो पाय पाहतेय. आणि दुपारी राखेत पाहून मला ओळखू आला नाही.

हातातला तांब्या तसाच राहिला. या घरात हे आजच पहिल्यांदा आले होते. आणि आले तसे खाटेवरून उठलेच नव्हते. राख तर पोळ्यापासून झाकलेली. मी वर पाहिलं. हे माझ्याकडे पाहत होते... सौम्यपणे, परक्या बाईनं पायाला हात लावल्यावर माणूस अवघडून पाहतो तसं.

कसंबसं अंग पुसलं, नव्या चादरीवर निजवलं. तेवढ्यात गिरजाबाई चहा घेऊन या पुढच्या खोलीत आली. रिकामा कोपरा तिला इथूनच दिसला.

"टोपली उचलली तुमी?" तिचा आवाज एकदम बसला. "काय होतं बाई खाली? मी ठेवली न मंग उचलाचा जीवच नाई झाला. मुंगी निंगाली त काय करू, साप निंगाला त काय करू... म्हनून दारच लावून टाकलं. सांगा न. काय होतं?"

"काही नव्हतं हो," मी म्हटलं. "उंदीर फिरलेत नुसते."

का खोटं बोलले? माझा माणूस माझाच राहावा म्हणून. दुसरं काय.

तिनं मान हलवली. बिचारी मनातून खचलीच असेल. मग काय वाटलं तिला कोण जाणे, आजाऱ्याला चहा मीच पाजते म्हणाली आणि इतक्या महिन्यांनी त्या उंबऱ्याच्या आत गेली. मी इथंच उभी होते, याच जागी. आतून आवाज आला. घोगरा, पण स्वच्छ. ह्यांचा आवाज. ज्याची मी पोळ्यापासून वाट पाहत होते तो.

"चिमूरवाले, दार लोटून घे. वारा येऊन राह्यला."

"हव जी," गिरजाबाई म्हणाली, आणि सवयीनं तिनं दार लोटून घेतलं.

मग आत कप पडल्याचा आवाज झाला. मग हळूहळू दोघांचं बोलणं... शब्द कळत नव्हते. मी दारावर हात ठेवला, पण ढकललं नाही. खूप वेळानं ती बाहेर आली, डोळे सुजलेले. माझ्याकडे पाहवेना तिला.

"तुमी लय थकल्या बाई. निजा तुमी. मी हाये इथी."

आणि खरं सांगू? मी निजले. किती महिन्यांनी अशी गाढ झोप लागली. सकाळी त्या झोपेचीच मला शरम वाटली.

आता ते काठी टेकत परसापर्यंत जातात. बोलणं सगळं परत आलं. डॉक्टर दुसऱ्या पेशंटांना ह्यांचं उदाहरण देतात, माझ्या सेवेचं कौतुक करतात. मला ते बाई म्हणतात. "बाई, आज शाळा लवकर सुटली काय?" अदबीनं, भाडेकरणीशी बोलावं तसं. डेपोतल्या दोस्तांची नावं सांगितली तर ऐकून घेतात. गिरजाबाई माझ्या ताटात आधी वाढते आणि मग त्यांच्या. तिचा राग करावा म्हटलं तर करता येत नाही. तीही माझ्यासारखीच थकलेली होती. तिचं माणूस तिला मिळालं.

पण मग माझं कुठं गेलं? दवाखान्यात नाडी लागत नव्हती तेवढ्या वेळात कुठं गेलं ते? हे मी कोणाला विचारू? विहारात विचारायची सोय नाही, डॉक्टरांना विचारायची नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्यांच्याकडे तर मला मान वर करून पाहवत नाही. कारण ह्या पोळ्याला मी परसातली तीच टोपली या खोलीत आणली, चुलीतली राख चाळली, पणती लावली आणि झाकून ठेवली.

सकाळी उचलायची असते. सकाळी माझा हात तिच्यापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. गिरजाबाई म्हणाली होती ते तेव्हा कळलं. साप निघाला तर? काहीच निघालं नाही तर? पोळ्याला महिना होत आला, मी रोज तिच्या कडेनं झाडते.

झालं का तुमचं? तो कोपरा झाला ना?

थांबा. तुमचा फडा लागला का टोपलीला? नाही? नक्की नाही ना?

मग ही राख काठाबाहेर कशी आली... आतल्या उंबऱ्याकडं पावलापावलानं गेलीय बघा. कंदील खाली धरा बाई, नीट दिसत नाही...

नको. राहू द्या. वरच धरा.