चाकोरीतली कुर्डूची फुलं

शालिकरामचे बैल बिथरले आणि सरकीने भरलेली गाडी सरळ कुणाच्यातरी शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच चढली. चाकांनी माती अशी उकरली, की विचारता सोय नाही.

"डोये फुटले का हो तुमचे?" कमरेला पदर खोचलेली एक मुलगी समोर उभी. "इथं मी कुर्डूचं बी पेरलं हाये!"

कापसाला सोन्याचा भाव आल्यापासून साऱ्या वऱ्हाडात बोटभर पडीत उरलं नव्हतं. आणि ही रानफुलं पेरते? शालिकराम बघतच राहिला. काय ते डोळे... रागावले तरी गोडच!

"कशाले जी?" त्याने हळूच विचारले.

"भुलाबाईच्या सणाले फुलं नको? पडीत मोडलं तसं पोरींले एक तुरा भेटत नाही. दोन सालं झाले, बी उगवूनच नाही राहिलं. या पेरणीतही नाही उगवलं, तर बाबा इथंही कापसाची पराटी लावतीन..." ती नांदगावच्या पुंजारामची मनकर्णा.

अकोटला आपल्या घरी परतल्यावरही शालिकरामचा जीव थाऱ्यावर नव्हता. मृग बरसला, पंधरा दिवस उलटले, आणि शिव्या खायची तयारी ठेवून तो पुन्हा त्याच वाटेने आला.

मनकर्णा धुऱ्यावर खुरपं घेऊन बसली होती. तिने नुसतं बोट दाखवलं — गाडीच्या दोन्ही चाकोऱ्यांमध्ये कुर्डूची इवली रोपं, दाट! बाकीचा धुरा उघडाबोडका.

"मी त्याले सरकीसारखं शेणात चोळलं न् खोल पुरलं," ती म्हणाली. "बी मेलं नोतं, अंधारात झोपलं होतं. तुमच्या चाकानं वर आलं, उजेड पाह्यला, न् उठलं. आता सारा धुरा उकरून राहिली मी."

"हे तुमी एकटीनं ताडलं?" शालिकरामला तिचं भारी कौतुक वाटलं. पिढ्यान्‌पिढ्या कापूस पेरणाऱ्या त्याच्या घरात हे कुणालाच सुचलं नसतं.

भादव्यात धुरा गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांनी डोलू लागला. पुंजारामने तिथे पराटी लावली नाही. शालिकराम तिसऱ्यांदा आला, तेव्हा गाडीत सरकीही नव्हती.

"आज काय आणलं?"

"काही नाही... तुमाले पाह्याले आलो."

मनकर्णा लाजून चूर झाली. एक तुरा तोडून तिने बैलाच्या शिंगाला बांधला.

"पुढच्या खेपेले गाडी रिकामी नका आणू जी."

"मंग?"

"तुमच्या बाबाले बसवून आणा... आमचे बाबा घरीच असतात."