फुटलेली नळी

बंदुकीची नळी फुटली तेव्हा मैदानावर बरीच माणसं होती. सगळ्यांनी एकच सांगितलं: काडतूस खराब होतं.

नेमबाजी शिकवणारी ताई इस्पितळात होती. डाव्या हाताची बोटं गेली होती. तिच्या नवऱ्याने काडतुसं विकणाऱ्या दुकानदारावर तक्रार नोंदवली होती. तो म्हातारा सकाळपासून ठाण्याच्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

इन्स्पेक्टर बाईंनी बंदूक टेबलावर ठेवली. बारा बोअरची. नळीच्या मागच्या टोकाला, काडतूस बसतं त्या घरात, लाल काडतुसाचं टरफल शाबूत होतं. नळी मात्र तिथून वीतभर पुढे फाटली होती, आणि फाटलेल्या कडेला पिवळ्या प्लास्टिकचा तुकडा चिकटला होता.

त्यांनी ताईच्या धाकट्या बहिणीला बोलावलं.

"तुम्ही काल बंदूक चालवली?"

"नाही. माझी वीस बोअरची दुरुस्तीला दिलीय."

"तुमच्या जाकिटाच्या खिशात लाल आणि पिवळी, दोन्ही काडतुसं सापडली. पिवळी तुमची. लाल कशाला?"

"ताईची असतील. चुकून राहिली."

"बंदूक चालवायचीच नव्हती, तर ताईची काडतुसं तुमच्या खिशात आली कशी?"

धाकटीने टेबलावरच्या बंदुकीवरून नजर वळवली.

दाराशी उभे असलेले तिचे भाऊजी, ताईचे यजमान, वैतागले. "बाई, तिला कशाला छळताय? दोषी बाहेर बसलाय."

"त्याचा माल खराब असता, तर नळी मागेच फुटली असती," बाई म्हणाल्या. "वीस बोअरचं काडतूस बारीक. बाराच्या नळीत टाकलं की पुढे घसरून अडकतं. घोटाळा होऊ नये म्हणूनच ते पिवळं करतात. चाप ओढला तर नुसता खट्ट आवाज होतो. बंदूक उघडली तर घर रिकामं. माणसाला वाटतं, आपण भरलंच नव्हतं. मग दुसरा कुणी योग्य काडतूस भरतो, आणि नळी बंद असते." त्या धाकटीकडे वळल्या. "काल ताईच्या आधी, त्यांच्याच बंदुकीने तुम्ही नेम धरला होता ना?"

"न बघता खिशातून काढलं," धाकटी म्हणाली. "दोन मापं एका खिशात ठेवू नकोस म्हणून ताई मला सगळ्यांसमोर बोलली होती. त्याच दिवशी सकाळी."

"म्हणजे अपघातच की," भाऊजी म्हणाले.

"नाही." धाकटी त्यांच्याकडे बघू शकली नाही. "मी खिसा चाचपला. एक पिवळं कमी होतं. माझ्या लक्षात आलं, भाऊजी. ताईने तेव्हा बंदूक खांद्याला लावली होती. नुसतं 'थांब' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण परत सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली असती."

भाऊजी भिंतीला टेकले. बाईंनी हवालदाराला दुकानदाराला सोडायला सांगितलं.

"ताईला मीच सांगते," धाकटी उठत म्हणाली. "ती काही बोलली का?"

बाईंनी बंदूक उचलून बाजूला ठेवली.

"शुद्धीवर आल्यावर त्यांनी एकच विचारलं. 'धाकटी शेजारीच उभी होती, तिला कुठे लागलं नाही ना?'"