फर्स्ट इयरवाल्यांना डबा का म्हणतात?

"ओ डबा! वाट सोडा की!"

अंधेरीच्या आमच्या कॉलेजात माझा तो दुसराच दिवस. वळून पाहिलं, तर सायकलवर ज्युनिअर बी.ए.चा, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा, जयवंत राणे — वादविवाद गाजवणारा, मुलींत भलताच प्रसिद्ध. फर्स्ट इयरवाल्यांना सगळे 'डबा'च म्हणत. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"डबा कुणाला म्हणता हो? मला सुलक्षणा म्हणतात."

"बरं... सुलक्षणा डबा!" म्हणाला आणि हसला. मेलं, ते हसूच वाईट.

स्वागतसमारंभाआधी नव्या मुलांनी एकेक चिठ्ठी उचलायची, समारंभात त्यातल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, नाही आलं तर सगळ्यांपुढे गायचं, ही तिथली रीत. माझ्या चिठ्ठीत नेमकं निघालं — आपल्याला डबा का म्हणतात? घ्या!

शिपाई काशीराम म्हणाला, "रिकामो डबो जास्त वाजता, म्हणान." मला काही ते पटेना.

समारंभाच्या आदल्या दिवशी मी जयवंतलाच चिंचेखाली गाठलं. "सांगा ना हो... मी गायले तर गल्लीतली मांजरं पळतात."

तो हसला नाही. कान मात्र लाल झाले.

"दोन वर्षांपूर्वी मरोळहून एक मुलगा आला. घाबरून सीनिअरच्या वर्गात जाऊन बसला — मांडीवर आईने दिलेला पितळी डबा. सरांनी नंबर विचारला, त्याला वाटलं डब्यात काय ते विचारतायत, तर उठून म्हणतो... 'वांग्याची भाजी, सर!'"

"अय्या! कोण हो तो वेडा?"

"मीच. त्या वर्गाने मग सगळ्याच फर्स्ट इयरवाल्यांना डबा म्हणायला सुरुवात केली. ती मुलं पास होऊन गेली, शब्द राहिला... उद्या सांगून टाक. सुटशील."

एवढा गाजलेला मुलगा, माझ्यासाठी स्वतःचं हसं करून घ्यायला तयार! मी तिथल्या तिथे त्याच्या प्रेमात पडले. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी स्टेजवर जाऊन सांगितलं, "माहीत नाही." आणि भर दुपारी भूपाळी सुरू केली. दुसऱ्याच ओळीला मुलं बाकं बडवायला लागली. डोळे भरून आले, पण गातच राहिले.

तेवढ्यात जयवंत तरातरा वर आला आणि सगळी हकीकत त्याने स्वतःच सांगून टाकली — भाजीसकट! हॉल नुसता दणाणला.

खाली उतरताना तो पुटपुटला, "सांगितलं का नाहीस गं?"

"तुम्हाला कुणी हसलेलं... मला नाही चालत."

तो पायरीवरच थांबला. "सुलक्षणा, माझं बी.ए. होईपर्यंत थांबशील?"

"थांबेन," मी म्हटलं. लाजायचंसुद्धा विसरले.