खालच्या कुरणातला कोंडवाडा

मुलगी आत आली आणि तिच्यामागोमाग गोठ्याचा वास आला. भाऊजींनी हळूच खिडकी उघडली.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. वहिनी खासगी तपासाची कामं घेत. भाऊजी बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांची गाडी चालवत, आणि काय चाललंय ते शेवटपर्यंत न कळता प्रत्येक तपासाला हजर असत.

"माझे बाबा गुरांच्या पायाखाली गेले," मुलगी म्हणाली. "फौजदारांनी आमच्या गुराख्याला कोठडीत टाकलंय. त्याने फाटकाची खीळ लावली नाही, त्याच्या हलगर्जीपणाने माणूस मेला, म्हणे. उद्या त्याला कोर्टात उभं करणार. म्हातारा माणूस तुरुंगातच संपेल, बाई."

"आणि खीळ त्याने लावली होती, असं तुम्हाला वाटतं?"

"ते मला माहीत नाही. पण बाबांचे हात मी धुतले. नखांत हिरवा रंग होता. खोलवर शिरलेला, निघेचना. आमच्या कोंडवाड्याच्या चौकटी करड्या आहेत. हिरवी आहेत ती फक्त फाटकं."

"अंगात काय होतं?"

"मी विणलेला निळा स्वेटर. म्हणजे, त्याच्या चिंध्या."

वहिनींनी चप्पल पायात सरकवली. भाऊजी किल्ल्या शोधू लागले.

खालच्या कुरणात मुलीचा काका त्यांची वाटच पाहत होता. अंगावर धुतलेले, इस्त्रीचे कपडे, चेहऱ्यावर बेताचं दुःख.

"पोरीचं खूळ आहे, दुसरं काही नाही," तो म्हणाला. "पण बघा, तुमचंही समाधान होऊ दे."

कोंडवाडा सुटा होता. लोखंडी चौकटी एकमेकींना खिळींनी जोडायच्या, हव्या त्या कुरणात उभ्या करायच्या, काम झालं की उचलून ट्रॉलीवर टाकायच्या. आधी मोठं आवार, मग एका जनावरापुरता अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला हिरवं फाटक. फाटकाला आतून-बाहेरून पत्रा ठोकलेला होता, म्हणजे पलीकडचं काही दिसून गुरं बुजायला नकोत.

"लस टोचायची होती," काका सांगू लागला. "दादाने आणि गुराख्याने आदल्या संध्याकाळी हा इथे उभारला. सकाळी दादा एकटाच गुरं बोळात घेत होता. तो फाटकाच्या बाहेर उभा. खीळ लावलेलीच नव्हती! पहिल्या गाईने धडक दिली, फाटक उघडलं आणि अख्खा कळप त्याच्या अंगावरून गेला. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं."

भाऊजींनी टेकायला म्हणून चौकटीवर हात ठेवला आणि झटका बसल्यासारखा मागे घेतला. तळव्याला पिवळट हिरवा चिकट राप लागला होता. त्याला कुजक्या अंड्यांचा वास येत होता.

"शी! शी, वहिनी, हे काय आहे?"

"शेण आहे, भाऊजी."

"हे शेण? हे तर... काय म्हणावं याला!"

बोळाच्या चौकटींवर कमरेच्या उंचीपर्यंत तेच उडालेलं होतं. पातळ, फेसाळ, वाळून पापुद्रे सुटलेलं. माशा घोंघावत होत्या. वहिनी मात्र नाक जवळ नेऊन एकेक फवारा निरखत होत्या. एक मोठा फवारा दोन चौकटींच्या सांध्यापाशी सुरीने कापावा तसा संपला होता. पुढची चौकट स्वच्छ होती.

जमिनीवर पडलेलं शेण वेगळं होतं. घट्ट, गोल, गोवऱ्या थापाव्यात असं. पलीकडे चरणाऱ्या एका गाईने शेपटी वर केली आणि तसाच एक पो टाकला. वहिनी तो पडेपर्यंत थांबून बघत राहिल्या. भाऊजींनी तोंड फिरवलं.

मग त्या फाटकाच्या आतल्या बाजूला गेल्या. छातीच्या उंचीवर हिरव्या रंगात बारीक ओरखडे होते, चार-चार एका ओळीत.

"शिंगं घासली असतील," भाऊजी म्हणाले.

वहिनी खाली वाकल्या. चौकटींच्या तळाखालचं गवत दबलेलं होतं. हातभर आत मात्र गवतावर तशीच आणखी एक दबलेली रेघ होती. ती चौकटींच्या बरोबरीने सगळ्या आवाराला फिरत होती, इकडे आतून, समोरच्या बाजूला बाहेरून.

"चौकटी कुणी निवडल्या?" त्यांनी काकाला विचारलं.

"मीच. दुकानदार ओळखीचा आहे."

त्यांनी तिथूनच दुकान गाठलं. दुकानदार गप्पिष्ट निघाला.

"थोरल्या भावाला जाड नळीच्या, जड चौकटी हव्या होत्या. बरोबरच होतं त्यांचं. जनावराने रेटा दिला तर हलकी चौकट जागेवरून सरकते. पण धाकटे ऐकतील तर शपथ! एकट्याला उचलता येतील अशाच द्या, म्हणाले. मी म्हटलं, अहो, तुमच्याकडे दोघं मिळून उभारतात ना? तर म्हणे, तू विकायचं काम कर."

तिथून ते वरच्या गोठ्यावर आले. गोठा सडकेला लागून होता. दारातच गुरांचे डॉक्टर भेटले. नाकाला रुमाल होता.

"आत येऊ नका. आतड्याचा रोग आहे, पसरतो. या गायींचं दूध नको, मांस नको, कातडंही नको. मारून खोल पुरायच्या, असं थोरल्यांशी ठरलं होतं. त्यांनी खड्डाही खणून घेतला होता."

वहिनी आत गेल्याच. भाऊजींना एका गाईची शेपटी धरायला लावली. गाय हाडांचा सापळा झाली होती, मागचे पाय लडबडलेले. आणि तिने भाऊजींच्या पँटवर जे उडवलं ते पातळ होतं, फेसाळ होतं आणि त्याला कुजक्या अंड्यांचा वास येत होता. त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा वहिनी गाईच्या खुराच्या बेचक्यातून काडीने काहीतरी उकरत होत्या. शेणाने माखलेला निळसर धाग्यांचा गुंता होता तो. त्यांनी तो कागदात गुंडाळला.

कोठडीत गुराखी भिंतीला टेकून बसला होता.

"खीळ लावली होती?" वहिनींनी विचारलं.

"लावली होती, बाई." त्याने खांदा चोळला. "असं वाटतं. आता काही सांगता येत नाही. धाकट्या मालकांनी इतक्यांदा विचारलं, नीट आठव, नीट आठव म्हणून. विसरलोही असेन."

"चौकटी एकट्याने उचलता येतात तुम्हाला?"

"छे! खांदा निखळलाय माझा. एक टोक थोरले मालक धरायचे, एक मी."

वहिनींनी फौजदारांना सांगून सगळ्यांना, डॉक्टरांनाही, चौकीतच बोलावून घेतलं. काका खुर्चीत ऐसपैस बसला.

"कोंडवाडा सुटा आहे, हे सगळ्यांना माहीत होतं," वहिनी म्हणाल्या. "पण तो हलला असेल, हे कुणाच्या मनातच आलं नाही. आदल्या संध्याकाळी जिथे उभारला तिथे गवत दबून रेघ उमटलीय. आज तो त्या जागेपासून हातभर बाजूला आहे. म्हणजे तो तिथून काढला, दुसरीकडे नेला आणि परत आणून अंदाजाने लावला. चौकटींवरचा फवारा सांध्यापाशी मध्येच तुटतो. शेजारच्या चौकटीवर त्याचा उरलेला भाग असायला हवा होता. चौकटींचा क्रम बदललाय."

"वाऱ्याने सरकला असेल!" काका म्हणाला.

"आणि शेण? खालच्या कुरणातल्या गायी निरोगी आहेत, घट्ट शेण टाकतात. चौकटींवर उडालंय ते वरच्या गोठ्यातल्या गायींचं. त्या तर खाली आल्याच नव्हत्या. म्हणजे कोंडवाडा त्यांच्याकडे गेला. वरच्या गोठ्याला लागून सडक आहे. सडकेशी बोळ उभारायचा एकच उपयोग, गुरं गाडीत चढवणं. रोगट गुरं, रात्री, चोरून. म्हणून एकट्याला उचलता येणाऱ्या चौकटी हव्या होत्या."

भाऊजींच्या डोक्यात आता कुठे उजेड पडू लागला. "म्हणजे थोरले अडवायला गेले?"

"गायींना मागे वळवायला ते बोळात शिरले. यांनी पुढचं फाटक लावलं आणि मागून गुरं हाकली. फाटकाला पत्रा, चढायला पाय रोवायला जागा नाही. ओरखडे आतल्या बाजूला आहेत, भाऊजी, चार-चार. गाईला नखं नसतात. माणूस उघड्या फाटकाच्या बाहेर उभा असता, तर त्याच्या नखांत आतला रंग कसा जाईल?"

त्यांनी कागद उलगडला. मुलीने तो निळा गुंता पाहिला आणि तोंडावर हात धरला.

"वरच्या गोठ्यातल्या गाईच्या खुरात होता. मग यांनी प्रेत आणि चौकटी ट्रॉलीवर घातल्या, खाली सगळं पुन्हा मांडलं, चार निरोगी गायी आत फिरवल्या आणि फाटकाची खीळ काढून ठेवली."

काका उसळला.

"मरणारच होत्या त्या गायी! खड्ड्यात पुरून काय मिळणार होतं? दादाला अक्कलच नव्हती."

"ते मांस लोकांनी खाल्लं असतं," डॉक्टर म्हणाले.

"मग? मी थोडाच खाणार होतो!"

भाऊजींनी गोठ्यात मिटले तसेच डोळे मिटून घेतले. इथे खिडकी उघडीच होती, तरी ते उठून बाहेर गेले.

परत आले तेव्हा काकाच्या हातांत बेडी होती आणि शिपायाने गुराख्याला बाहेर आणलं होतं. तो उभाच होता, कुठे बसावं ते न कळल्यासारखा. मुलीने त्याचा हात धरला.

"सुटलात तुम्ही, काका," ती म्हणाली. गुराख्याला ती लहानपणापासून काकाच म्हणत असे. तो शब्द ऐकून खुर्चीतला माणूस दचकला, मग बेडीकडे बघू लागला.

गुराखी वहिनींकडे वळला. "पण बाई, खीळ... लावली होती ना मी?"

"तुम्ही उभारलेल्या कोंडवाड्यात कुणी मेलंच नाही," वहिनी म्हणाल्या.

त्याचे ओठ हलले. "पुन्हा एकदा सांगा," तो म्हणाला आणि मटकन खाली, चौकीच्या फरशीवरच बसला.

वहिनी त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि त्यांनी पुन्हा सांगितलं.