चिंचोळीतला रूम टोन

शिळी कडक भाकरी माइकजवळ मोडली की हाड मोडल्यासारखी ऐकू येते. ताजी चालत नाही.

मल्लप्पाला रक्त बघवत नाही.

एप्रिलात चिंचोळी एमआयडीसीतले पत्रे नाश्ता उरकायच्या आतच तडतडायला लागतात.

ओला टॉवेल घडी करून फरशीवर आपटला तर बुक्की. पिळून आपटला तर लाथ.

भरीव सळईचा आवाज लगेच मरतो. पोकळ नळीचा रेंगाळतो.

फ्रेममध्ये बूम दिसला की टेक वाया जातो.

आई म्हणाली होती, "भूषणला तुझ्या भरवशावर पाठवतेय, साक्षे. मारामारीचं काम हाय म्हनतोय."

साहित्य

चित्रपट देवदत्तचा. दिग्दर्शक तोच आणि कॅमेराही त्याच्याच हातात, कारण दुसरं कोणी नव्हतं. मी आवाज रेकॉर्ड करणार. टॉवेलच्या कारखान्यात एका कामगाराला मुकादम मारून टाकतो, एवढीच गोष्ट होती. कामगाराचं काम माझा धाकटा भाऊ बुद्धभूषण करत होता. तो शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे आणि त्याला सुट्टी लागली होती. मुकादम म्हणजे मल्लप्पा, अक्कलकोटचा. तो जिममध्ये शिकवतो. दंड मांडीएवढे आणि आवाज बारीक.

खरेदीच्या वेळी आमचं वाजलं.

"मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेऊ," देवदत्त म्हणाला. "शेडमध्ये अंधार आहे की."

"चित्र अंधारं असलं तर लोकांना वाटतं मुद्दाम केलंय. आवाज फाटला तर उठून जातात."

"सोलापुरात उठून जात न्हाईत," भूषण म्हणाला. "बसून शिट्ट्या मारतात."

शेवटी छोटा कॅमेरा आणि एकच लेन्स घेतली, आणि आवाजाचं सगळं माझ्या मनासारखं. नवा रेकॉर्डर असा होता की आवाजाची पातळी आधी लावावी लागत नाही. कुजबूज आणि किंकाळी दोन्ही त्यात पूर्ण मावतात. नंतर घरी बसून हवं ते वर ओढायचं. लांबून आवाज घेणारा एक माइक आणि तो डोक्यावर धरायला बूम. बूम म्हणजे लांब पोकळ दांडा. टोकाला माइक, पोटात स्प्रिंगसारखी गुंडाळलेली वायर.

शेडची किल्ली मालक गंगाधर यांनी दिली. "लूम भंगारात गेले. सांगाडे हायत. काय पायजे ते करा, फकस्त आग लावू नका."

बंद कारखान्यात टाळी वाजवली की ती चार भिंतींवरून परत येते. आम्ही खराब म्हणून पडून राहिलेल्या टॉवेलचे गठ्ठे फोडले आणि दोऱ्या बांधून चारी बाजूंनी टॉवेल लटकवले. मधोमध एक पांढरी खोली तयार झाली. आत बोललं की शब्द तोंडापुढेच पडायचे.

"मयताच्या घरात आल्यासारखं वाटतंय," मल्लप्पा म्हणाला.

"तूच मारणार हायस," भूषण म्हणाला. "तुला भ्यायला काय झालं?"

टोन

प्रत्येक जागेची स्वतःची शांतता असते. ती अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवावी लागते. तिला आम्ही रूम टोन म्हणतो. एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मधे तीच भरतात, नाहीतर तिथे भोक पडल्यासारखं वाटतं. टोन घेताना सगळे जागच्या जागी उभे राहतात. कोणी पाय हलवत नाही, थुंकी गिळत नाही.

पहिल्या सकाळी पत्रा तापायच्या आत मी टोन घेतला. हेडफोनमध्ये काही नव्हतं.

दुपारी घरी आवाज वर ओढला.

आधी श्वास ऐकू आला, धापा टाकणारा. मग पाय घासत गेल्याचा आवाज. मग ठण्. पोकळ धातूचा, आणि त्याच्या आत काहीतरी बारीक खुळखुळलेलं. त्यानंतर ओलं, मऊ काहीतरी. पुन्हा ठण्. पुन्हा. मारणारा दमत होता पण थांबत नव्हता. एकदा कडकन मोडलं. ती भाकरी नव्हती. भाकरी मोडल्यावर कुणाचा श्वास अडकत नाही.

शेवटी भूषणचा आवाज, तोंड भरलेलं असल्यासारखा.

"ताई. पुरे."

देवदत्तने टोन घेताना कॅमेरा चालू ठेवला होता. मी ते चित्र मागवून आवाजाला जोडलं. मल्लप्पा हात बांधून उभा. भूषण त्याच्या शेजारी, ओठ मिटलेले. "ताई, पुरे" येतं तेव्हा तो नाकावरची माशी उडू नये म्हणून डोळेसुद्धा हलवत नाहीये. मधेच त्याला हसू येतं आणि तो ते दाबतो.

मी भूषणला ऐकवलं.

"माझीच मिमिक्री केलीय कुणीतरी," तो म्हणाला. पण त्याने हेडफोन काढून टाकले, आणि नंतर बराच वेळ उजवा कान चोळत होता.

तालीम

दुसऱ्या दिवशी मल्लप्पाने खोटी बुक्की मारायची होती. ती लागली. भूषणचा ओठ फाटला. देवदत्त "कट" म्हणाला. मल्लप्पा थांबला नाही. त्याने भूषणची मान काखेत धरली आणि गुडघा पोटात घातला, परत घातला. मी आणि देवदत्तने त्याला ओढला. मग त्याला फरशीवरचं रक्त दिसलं आणि तो मटकन खाली बसला.

"अक्का, हात थांबलाच न्हाय. देवाशपथ. मी थांब म्हनत हुतो त्याला."

"कुणाला?"

"हाताला."

भूषण ओठावर टॉवेल दाबून हसत होता. "दे की अजून. फुकट मेकअप झाला."

त्या दिवशीही मी नवा टोन घेतला होता; तो घरी वर ओढून ऐकला. तेच होतं, फक्त जवळून. जणू कोणीतरी माइक एक पाऊल पुढे नेला होता.

मी शेडमधलं सगळं लोखंड वाजवून पाहिलं. सळया, लूमचे रूळ, पंख्याचा पाइप. रुमालाने धरून ठोकायचं आणि कान लावायचा. सळया ठक वाजत. पाइप ठण् वाजत, पण कोणाच्याच पोटात ते खुळखुळणं नव्हतं. तरीही मी सगळं उचलून बाहेर बाभळीखाली टाकलं. मल्लप्पासाठी फोमचा पाइप आणला आणि काळ्या टेपने गुंडाळला.

मल्लप्पाने तो वाकवून बघितला. "अक्का, हे काय पडवळ दिलंय मारायला?"

"ताई साउंडवाली न्हाय, वॉचमन हाय," भूषण म्हणाला.

"आपण हा सीन सोडून देऊ," मी देवदत्तला म्हणाले. "मी याला इथे मरू देणार नाही."

त्याला मी टोन ऐकवला. तो घाबरेल असं मला वाटलं होतं. त्याने डोळे मिटून ऐकलं, परत लावायला सांगितलं.

"साक्षी, हे कुठे मिळालं तुला? भाकऱ्या मोडून असा आवाज जन्मात येणार नाही. गाण्याला प्लेबॅक लावतात ना, तसा हा स्पीकरवर लावू. मल्लप्पा त्याच्यावर फटके मारेल. एक ना एक फटका जुळेल."

"तो भूषणचा आवाज आहे."

"मग ओठही जुळतील."

मी निघून जाणार होते. भूषणने मला बाभळीपाशी गाठलं.

"ताई, सगळं आयुष्य टेस्ट ट्यूब धुतोय मी. हे एक काम मला करू दे. आणि तू हायस की तितं. तू असल्यावर मला काय होतंय?"

ते खरं होतं. मी तिथे नसले तर कोण थांबवणार, असं मला वाटलं. म्हणून थांबले.

टेक

सकाळ. पत्रा अजून गार. देवदत्तने कॅमेरा खांद्याला लावला, डोळा चिकटवला. फ्रेम भूषणवर, कमरेपर्यंत. मी उजव्या बाजूला, फ्रेमबाहेर, दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर, माइक भूषणच्या कपाळावर वीतभर.

"तुझ्या सावलीकडे लक्ष दे," देवदत्त म्हणाला.

स्पीकर चालू झाला. धापा. पाय घासल्याचा आवाज. ठण्.

मल्लप्पाचा फोम भूषणच्या खांद्यावर बसला. नेमका.

ठण्. पुन्हा नेमका. भूषण गुडघ्यावर आला. चांगला करत होता. मला अभिमान वाटला.

"साक्षी, बूम दिसतोय," देवदत्त म्हणाला. "वर घे."

मी वर घेतला.

"परत आला खाली. वर घे की."

मी वर घेतला.

हात भरून आले होते. बूम धरला की भरतातच. त्यासाठी वेगळा व्यायाम करावा लागतो.

स्पीकर संपला. त्यातलं शेवटचं "पुरे" येऊन गेलं.

हेडफोनमध्ये मात्र ठण् चालू होतं.

मी मल्लप्पाकडे पाहिलं. तो टॉवेलच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. फोमचा पाइप त्याच्या पायाशी पडला होता. दोन्ही हात तोंडावर.

ठण्.

आत वायर खुळखुळली.

"बूम," देवदत्त म्हणाला. त्याने कॅमेऱ्यावरून डोळा काढला नाही.

टॉवेलवर लाल ठिपके होते. वरपर्यंत. मी विचार केला, इतक्या वर कसे गेले.

कडकन मोडलं.

भूषणने एक हात वर केला. बोटं वेगळ्याच बाजूला वळली होती. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा.

"ताई. पुरे."

मी थांब म्हणत होते.

कट

दांड्याला मधे बाक आला होता. माइक तुटून वायरला लोंबत होता. मल्लप्पाने मला मागून मिठीत धरलं होतं आणि तो लहान मुलासारखा रडत होता, कन्नडमध्ये काहीतरी म्हणत.

आईने नंतर मला एकच विचारलं, "त्यानं हाक मारली का गं तुला?" मी व्हय म्हणाले.

पोलिसांनी चित्र पाहिलं. फ्रेम कमरेपर्यंत असल्यामुळे त्यात मी कुठेच नाही. वरून काहीतरी येतं आणि जातं.

मग त्यांनी त्या टेकचा आवाज लावला. रेकॉर्डर शेवटपर्यंत चालू होता, फाइल पूर्ण लांबीची होती. साहेबांनी आवाज वाढवला, आणखी वाढवला. हवालदार खिडकी लावून आला.

स्पीकर नव्हता. फटके नव्हते. आम्ही चौघं श्वास धरून उभे असावेत, तसं होतं. मधेच कोणालातरी हसू येतं आणि तो ते दाबतो. शेवटी पत्रा एकदा तडतडतो.

इतका स्वच्छ रूम टोन मी कधीच घेतला नव्हता.

खरेदीच्या दिवशी दुकानात बूमचे दोन प्रकार होते. कार्बनचा हलका असतो, पण कशावर आपटला तर चिरतो. अॅल्युमिनियमचा जड असतो, वाकतो पण तुटत नाही. भूषणने दोन्ही हातात धरून, हवेत फिरवून पाहिले आणि अॅल्युमिनियमचा माझ्या हातात दिला.