खोट्या घरातलं बटण

“पांघरूण ओढ गं, पाठ उघडी पडलीय तुझी...”

लहानपणी आत्याचा हा आवाज कानावर पडला की मगच डोळा लागायचा. आई गेल्यावर आम्हा दोघा भावंडांना तिनंच वाढवलं.

पुढे सांगतेय ते माझ्यासमोर घडलंय. पदरचं काही घातलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यातला रविवार. दुपारचे तीन. दुसऱ्या मजल्यावरचं आमचं ऑफिस. मी आणि दादा, बस.

दादाची कंपनी घरोघरच्या हीट पंपांवर लांबून नजर ठेवते. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घर गरम करणारं हे यंत्र बिघडलं, की आमच्याकडे अलार्म वाजतो. तो नीट वाजतो का, हे तपासायला मी सिम्युलेटर तयार करत होते. म्हणजे संगणकातलं खोटं घर. खोटा पंप, खोटे आकडे. सगळी सूत्रं माझ्या हातची.

“खोटं घर बांधतेयस, तर निदान गच्ची तरी दे त्याला,” दादा म्हणाला.

“तू आधी चहा टाक. तेवढं तरी खरं असू दे.”

तो हसत आत गेला.

मी घर सुरू केलं. खोलीत वीस अंश. मग पंप बंद पाडला.

अठरा. पंधरा. बारा...

अलार्म वाजायला हवा होता. वाजला नाही.

आणि मग... स्क्रीनवरच्या नोंदींमध्ये एक ओळ उमटली:

भिंतीवरचं बटण दाबलं. एक अंश वाढवा.

माझ्या खोट्या घरात माणूसच नव्हता. बटण दाबणारं कुणी मी लिहिलंच नव्हतं.

पुन्हा तीच ओळ.

पुन्हा...

मी नेटवर्कची वायर उपसली. ओळी येतच राहिल्या. आधी भराभर. मग सावकाश. मग दोन ओळींत इतकं अंतर, जणू बोटं आखडत चालली होती...

नऊ अंशांवर त्या थांबल्या.

आत्या त्याच्या दोन वर्षं आधी अशाच थंडीत गेली, आमचाच पंप लावलेल्या घरात. दादा म्हणाला होता, वीज वाचवायला तिनंच बंद केला असणार. मला ते पटलं. दोन वर्षं मी तिच्यावर रुसून होते. गेलेल्या माणसावर.

“दादा, इकडे ये जरा.”

तो दोन कप घेऊन दारात थांबला. तिथून स्क्रीन दिसत नाही.

“या घरात कुणीतरी बटण दाबतंय रे.”

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं.

“एक्केचाळीस वेळा,” तो म्हणाला.

मी तोवर मोजलंही नव्हतं. मोजलं. एक्केचाळीस.

“तुला कसं माहीत?”

त्यानं दोन्ही कप टेबलावर ठेवले.

“तिनं पंप बंद नव्हता केला, तो बंद पडला होता. घरचंच माणूस म्हणून मी तिचं घर ‘चाचणी’च्या यादीत टाकलं होतं. नवा प्रोग्रॅम आधी तिच्याकडे चालवून बघायचो. त्या यादीतले अलार्म तेव्हा मी बंद ठेवायचो.”

“आणि तिच्या नोंदी?”

“पुसल्या. त्याच आठवड्यात.”

पुसलेल्या ओळी माझ्या खोट्या घरात कुठून आल्या, ते मला आजही कळलेलं नाही. ते घर मी उघडत नाही. पुसायलाही हात धजत नाही.

दादा खुर्चीत बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला,

“नंतर नाही कळलं मला. ती गेली त्या दुपारी मी इथेच बसून बघत होतो गं... एकेक ओळ येताना. वाटलं, माझाच प्रोग्रॅम खोटे आकडे दाखवतोय.”