चढावर वाजणारं चाक

मीठमसाला न लावता सांगतोय. भूत म्हटलं की लोकांना अमावस्येची रात्र लागते. हे घडलं भर सकाळी. १ ऑक्टोबर २०१७, रविवार, साडेसातचा सुमार. जागा क्यूबेकमधली, मॉन्ट्रियलपासून दीड तासावरच्या टेकड्यांमधली.

ज्याच्यावर हे बेतलं तो देवदत्त, माझा सख्खा आतेभाऊ. मूळचा नागपूरचा, तेव्हा मॉन्ट्रियलशेजारच्या लव्हालला राहायचा, सॉफ्टवेअरमध्ये होता. तो कधी थापा मारत नाही असं मी म्हणणार नाही. एक थाप त्याने मारली होती, आणि हे सगळं तिथूनच सुरू झालं.

त्यांचा पाच-सहा मराठी मंडळींचा सायकल ग्रुप होता. रविवारी पहाटे गाड्यांवर सायकली चढवायच्या आणि त्या टेकड्यांकडे निघायचं. तिकडे सगळा फ्रेंच कारभार. वर-खाली जाणारे निवांत रस्ते, मक्याची शेतं, सफरचंदाच्या बागा, मध्येच चकचकीत पत्र्याच्या कळसाचं एखादं चर्च. तासभर एक गाडी दिसत नाही.

खड्डे मात्र भरपूर. हिवाळ्याने रस्ता फुटतो, तो उन्हाळाभर तसाच राहतो.

म्हणून त्यांचा एक नियम होता. पुढच्याने हात खाली करून खड्डा दाखवायचा आणि मराठीत ओरडायचं, "खड्डा!" मागचा त्याच्या चाकाला चिकटून चालवतो, कारण त्याने वारा कमी लागतो. त्या मागच्याला रस्ता दिसतच नाही. दिसते ती पुढच्याची पाठ आणि त्याचा हात. त्या हातावर जीव टाकून चालवायचं.

२०१६च्या सप्टेंबरात, एका रविवारी, देवदत्त पुढे होता. त्याच्या मागे राजन.

राजन त्याचा जुना मित्र, पण जिभेला हाड नसलेला. त्या सकाळी कॉफीला थांबले तेव्हा त्याने सगळ्यांसमोर देवदत्तची यथेच्छ खिल्ली उडवली होती. ऑफिसात देवदत्तला मिळायची ती पोस्ट राजनला मिळाली होती, त्यावरूनही टोमणा झाला. सगळे हसले. देवदत्तही हसला. आतून मात्र तो धुमसत होता.

मग तो मोठा उतार आला.

देवदत्तला खड्डा दिसला. चांगला हातभर लांब. त्याने सायकल अलगद बाजूला घेतली...

हात केला नाही. ओरडला नाही.

एक दणका बसू दे, ट्यूब फुटू दे, एवढंच त्याच्या मनात होतं. हे त्याने मला स्वतः सांगितलं, आणि ते खरं असावं. पण राजन उडाला तो कडेच्या सिमेंटच्या पाइपावर डोक्यावर आपटला. चौथ्या दिवशी हॉस्पिटलमध्येच वारला. शुद्धीवर आलाच नाही.

बाकीचे बरेच मागे होते. कुणी काही पाहिलं नव्हतं. देवदत्तने सगळ्यांना सांगितलं, "मी हात केला होता. ओरडलोही. राजनचं लक्ष नव्हतं."

सगळ्यांना पटलं. राजनची बायको नीलिमा, तिलाही पटलं. दुःख करायच्या जागी ती नवऱ्यावर चिडून राहिली. इतक्यांदा सांगितलं होतं लक्ष देऊन चालव, स्वतःच्या निष्काळजीपणाने आम्हाला उघड्यावर टाकून गेला, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. हॉलमधला त्याचा फोटोसुद्धा तिने काढून ठेवला. देवदत्त समोर बसून मान डोलवायचा. तिच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून द्यायचा. खरं काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

वर्ष गेलं. ग्रुप मोडला. देवदत्तला मात्र चैन पडेना. त्या ऑक्टोबरच्या रविवारी तो एकटाच सायकल घेऊन तिकडे गेला.

धुकं होतं. वीस फुटांपलीकडचं काही दिसत नव्हतं.

दहा-बारा किलोमीटर झाले असतील. तो एक चढ चढत होता, आणि मागून आवाज आला...

कट्-कट्-कट्-कट्.

सायकलवाल्यांना हा आवाज पाठ असतो. पायडल मारायचं थांबवलं की मागचं चाक असं वाजतं. राजनचं चाक तर सगळ्यांत मोठ्याने वाजायचं.

देवदत्तने वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

आवाज येतच राहिला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं...

हा आवाज चढावर येऊच शकत नाही. चढावर पायडल थांबवलं तर सायकल थांबते. आणि हे जे काही होतं ते पायडल न मारता त्याच्या मागोमाग टेकडी चढत होतं.

चढ संपला. आवाज त्याच्या डाव्या अंगाने पुढे सरकला.

गार वाऱ्याचा एक झोत... आणि धुक्यात समोर एक पाठ दिसली.

करड्या जर्सीतला माणूस. मान खाली. त्याच्या चाकांखाली रस्ता ओला होता, तरी एक थेंब उडत नव्हता.

त्याचा उजवा हात खाली गेला. देवदत्तने सायकल वळवली. शेजारून खड्डा गेला.

पुन्हा हात. पुन्हा खड्डा. एकही इशारा चुकीचा नव्हता.

तुम्ही म्हणाल, थांबायचं ना. त्यालाही मी तेच विचारलं. तो म्हणाला, धुकं एवढं दाटलं होतं की त्या पाठीशिवाय जगात काही उरलंच नव्हतं. ती सुटली तर आपण संपलो, असं वाटत होतं. म्हणून तो आणखी जवळ गेला. चाकाला चाक लावून.

मग रस्ता खाली उतरू लागला.

तोच उतार.

वेग वाढला. ब्रेक दाबले तरी वाढला. देवदत्त त्या हाताकडे टक लावून बघत होता...

समोरची सायकल अलगद बाजूला झाली.

हात हँडलवरच राहिला.

हाडं मोडण्याआधी त्याला तेवढंच कळलं. आपण एक वर्षापूर्वी नेमकं हेच केलं होतं.

तो पडला तो कमरेवर. खुब्याचं हाड मोडलं. हलता येईना. आणि धुक्यात त्याच्याभोवती कट्-कट् आवाज हळूहळू गोल फिरत राहिला. किती वेळ, ते त्याला सांगता येत नाही.

शेवटी तो ओरडला, "राजन, मी हात केला नव्हता."

आवाज थांबला नाही. हे त्याला सगळ्यांत जास्त लागलं.

एका शेतकरी बाईने त्याला पाहिलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. ती मात्र धुक्यात कुणाला तरी शोधत राहिली. "ए लोत्र?" ती सारखी विचारत होती. म्हणजे, आणि दुसरा? तिने घरासमोरून दोघांना जाताना पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी नीलिमा हॉस्पिटलमध्ये भेटायला आली. वरणभाताचा डबा घेऊन. "काय झालं, भावोजी?" तिने विचारलं.

देवदत्त सांगायला गेला की माझंच लक्ष नव्हतं. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला ते जमलं नाही. सगळं सांगून टाकलं. अगदी कॉफीच्या टेबलावरच्या हसण्यापासून.

नीलिमाने डब्याचं झाकण परत लावलं.

"परवा सकाळी मी बेसमेंटमध्ये गेले होते," ती म्हणाली. "राजनची सायकल हुकवर नव्हती. वाकलेल्या चाकाची सायकल कोण नेणार? दुपारी पाहिलं तर होती. टायरला ओला चिखल होता."

देवदत्तने कोपरावर उठायचा प्रयत्न केला. "वहिनी, आता मी खरं सांगितलंय. आता तरी तो थांबेल ना?"

ती उठली. डबा पिशवीत ठेवला.

"वर्षभर मी त्याला शिव्या दिल्या, देवदत्त. मेलेल्या माणसाला." भावोजी म्हणाली नाही. "मी त्याला थांब म्हणणार नाही."

पुढच्या उन्हाळ्यात देवदत्तने लव्हालचं घर विकलं आणि कॅनडाच्याच पश्चिमेकडे, रेजिनाला नोकरी घेतली. मुद्दाम तिथे. अडीच-तीन हजार किलोमीटर लांब, आणि सगळं सपाट. ना चढ, ना उतार.

दिवाळीत त्याने धीर करून नीलिमाला फोन लावला. हॉलमध्ये राजनचा फोटो पुन्हा लावलाय, असं ती म्हणाली. मग देवदत्तने चाचरत विचारलं, ती सायकल विकून का टाकत नाही.

"विकायला ती घरी असायला हवी ना," नीलिमा शांतपणे म्हणाली. "पूर्वी दुपारपर्यंत परत यायची. तुम्ही रेजिनाला गेल्यापासून, एकदा गेली की पंधरा-पंधरा दिवस येत नाही."

हे सगळं देवदत्तने मला त्याच्या घरी, रेजिनात सांगितलं. २०१९च्या जानेवारीत. बाहेर उणे तीस, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्याने खिडक्यांना जाड पडदे लावले होते, आणि बोलता बोलता मध्येच गप्प होऊन कानोसा घेत होता.

मी तिथे सोमवारपर्यंत राहणार होतो.

रविवार उजाडायच्या आत, शनिवारी संध्याकाळच्या फ्लाइटने परत आलो. काय कारण सांगितलं ते आता आठवतही नाही.